ठिणगीची दांडी

मोटारसायकलची किक मारताना जो माणूस तिच्यावर उडी घेतो, त्याला मी माझ्या आवारात उभा करत नाही. सरळ सांगतो, बाबा रे, तू सायकल घे. किक म्हणजे लाथ नव्हे. आधी पेट्रोलची तोटी उघडायची. मग किक पायानं हळूच दाबत न्यायची, ती एका जागी अडते. तिथं हँडलच्या डाव्या मुठीखाली एक चिमटी असते, ती दाबायची. इंजिनातला दाब सुटतो. किक जराशी पुढं सरकवायची, चिमटी सोडायची, किक वर येऊ द्यायची आणि मग एकदाच, लांब, सरळ खाली. घाई नाही की राग नाही. आणि या सगळ्याच्या आधी ठिणगीची दांडी बघायची.

हल्लीच्या गाड्यांना ही दांडी नसते, म्हणून सांगतो. बोटभर लांबीची, हँडलवरच बसवलेली. ती मागं ओढली की इंजिनात ठिणगी उशिरा पडते, पुढं ढकलली की लवकर. गाडी चालू करताना उशिराच पडली पाहिजे. लवकर पडली तर इंजिन उलटं फिरतं आणि खाली गेलेली किक तुमचा पाय घेऊन वर येते. मला अर्ध्या झोपेतून उठवून विचारा, हेच सांगेन. आणि तरी हिलालचा गुडघा माझ्यामुळे गेला.

मी तोताराम. धरणगावात एका जिनात, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, फिटर होतो. कापसाचा हंगाम असला की जिनचं इंजिन, हंगाम सरला की गावातल्या पिठाच्या गिरण्या, शिलाई मशिनी, जे येईल ते. हिलाल गुरांच्या दवाखान्यात लस टोचायच्या कामावर होता. पंचावन्न सालची गोष्ट. तेव्हा बुळकांडीच्या साथीनं गोठेच्या गोठे बसत. तिची लस बर्फात ठेवावी लागे. बर्फ जळगावहून पहाटेच्या गाडीनं यायचा आणि दुपारपर्यंत लस टोचून झाली नाही तर ती नाल्यात ओतायची. बावीस गावं, आणि रस्ते म्हणाल तर बैलगाडीच्या दोन चाकोऱ्या. म्हणून खात्यानं मिलिटरीच्या मोडीतून निघालेली एक मोटारसायकल दवाखान्याला दिली होती. ती चालवायला तालुक्यात एकच माणूस लायक होता.

लढाईच्या काळात हिलाल मिलिटरीत डाक पोचवायचा. तिथं त्यांची परीक्षा घेत, तिला ट्रायल म्हणत. दगडगोट्यांतून, चिखलातून, ओढ्यातून गाडी हळू न्यायची आणि पाय जमिनीला लावायचा नाही. लावला की मार्क कापले. बांभोरीजवळ गिरणा नदीच्या पात्रात त्याला चालवताना मी पाहिलंय. डोक्याएवढाले गोटे, खाली शेवाळ, आणि हा पठ्ठ्या उभा राहून, चालत्या माणसाच्या वेगानं, पाठीला लसीचा डबा बांधून पार! काठावरच्या धुणं धुणाऱ्या बाया हात थांबवून बघत राहायच्या. मला मेल्याचा हेवा वाटायचा, खोटं कशाला बोलू.

गाडीची देखभाल माझ्याकडे. दर रविवारी सकाळी जिनच्या आवारात निंबाखाली आमचं दुकान मांडलेलं असे. प्लग काढून काजळी खरवडायची. ठिणगी पाडणाऱ्या दोन टिकल्या असतात, त्या काड्यापेटीच्या कडेनं घासून लख्ख करायच्या. साखळी काढून रॉकेलात धुवायची, मग पातळ केलेल्या ग्रीसमध्ये उकळायची. हिलाल शेजारी बसून शेंगा खायचा आणि चुका काढायचा.

"भो, तो नट जास्त आवळी ऱ्हायना तू."

"तू शेंगा खा. तुझ्या मिलिटरीत नट आवळत नव्हते, म्हणून गाड्या मोडीत निघाल्या."

असं आमचं चालायचं.

श्रावणात एका रविवारी ठिणगीच्या दांडीची तार तुटलेली निघाली. मी नवी तार ओवली, दांडी खोलून साफ केली, परत बसवली आणि घाईनं गेलो, कारण जिनच्या इंजिनाचं काम अर्धं टाकून आलो होतो. आता नीट ऐका. जिनवर आमचं एक रॉकेलवर चालणारं इंजिन होतं, त्यालाही अशीच दांडी. पण तिथं दांडी पुढं ढकलली की ठिणगी उशिरा पडायची. पंधरा वर्षं माझा हात त्या इंजिनावर बसलेला. सकाळपासून त्याच्याशीच झोंबत होतो, आणि मोटारसायकलची दांडीही मी जिनच्या इंजिनासारखी बसवून टाकली. उलटी. डोळ्यांनी बघितलं असतं तर दिसलं असतं. बघितलंच नाही.

सोमवारी सकाळी दवाखान्यासमोर हिलालनं रोजच्यासारखी दांडी मागं ओढली आणि किक मारली.

मी समोरच्या हॉटेलात चहा पीत होतो. आवाज ऐकला. इंजिनाचा नाही, हाडाचा. किकनं पाय उलटा फेकला, गुडघा टाकीच्या कडेवर आपटला, आणि हिलाल गाडीसकट आडवा. लोक धावले, खाट आणली, त्याला घेऊन स्टेशनाकडे पळाले. मी गाडी उचलली. दांडीकडे नजर गेली. ती उलटी होती. सगळे हिलालच्या मागं गेले होते. मी खिशातला पाना काढला, दांडी सुलटी केली, पाना खिशात ठेवला. मग मीही स्टेशनाकडे गेलो.

ते पाच मिनिटांचं काम होतं. त्या पाच मिनिटांची मला आजही लाज वाटते.

जळगावच्या इस्पितळात त्याच्या गुडघ्याची वाटी फुटलेली निघाली. खात्याचा माणूस जबाब घ्यायला आला, तेव्हा हिलालनं सांगितलं, पाय घसरला. गावातही तेच झालं. पावसाळ्याचे दिवस, चिखलाचा पाय, घसरला असेल. मी रोज ठरवायचो की आज सांगतो. खाटेजवळ जाऊन बसायचो, आणि केळी सोलून द्यायचो त्याला. च्यायला, केळी!

तीन महिन्यांनी तो चालायला लागला. गाडी चालवता येत होती, गिअर टाकता येत होता. पण किकवर जोर दिला की गुडघा दगा द्यायचा आणि तो कळवळून खाली बसायचा. तेव्हा मी म्हटलं, किक मारायचीच नाही. उतारावरून ढकलत नेऊ, दुसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडला की गाडी आपोआप चालू होते. पण आमचा मुलूख काळ्या मातीचा, ताटासारखा सपाट. उतार आणायचा कुठून? जिनच्या बॉयलरची राख आवारात ढीगभर पडलेली असायची. मी चार गाड्या राख दवाखान्यासमोर ओतली, वर मुरूम टाकून चोपली, पुरुषभर उंचीचा उतार केला. हिलाल वर गाडी लावून ठेवायचा आणि सकाळी गडगडत खाली यायचा. फट फट फट करत चालू!

मग गावोगावचे लोक विचारायला लागले, आमच्याकडे गाडी परत चालू कशी करणार? हिलाल म्हणायचा, इंजिन चालूच ठेवतो. पण टोचायला दोन तास लागत, तोवर पेट्रोल संपायचं. पाळधीकरांनी पहिल्यांदा चावडीसमोर मातीचा उतार घातला. त्यांचं बघून दुसऱ्यांनी. मार्गशीर्ष लागेपर्यंत बावीस गावांत बावीस उतार झाले. एका गावात बायांनी तो शेणानं सारवून वर रांगोळीसुद्धा काढली होती. हिलाल म्हणाला, "आते यावरून गाडी लोटाले मना जीव व्हत नही." त्या दिवशी त्यानं शेजारचा उकिरडा वापरला.

हे सगळं नीट चाललं असतं. पण थंडीत खात्याचे लीलाधर साहेब धुळ्याहून बदलून आमच्या जिल्ह्यावर आले. माणूस वाईट नव्हता, पण नेमका होता. धुळ्याकडच्या डोंगरात स्वतः मोटारसायकलवर हिंडलेला, त्यामुळे त्याला थापा मारून चालत नसे. दौऱ्यावर असताना त्यानं चावडीपुढचे उतार पाहिले आणि विचारलं हे काय. लोकांनी कौतुकानं सांगितलं. झालं! आठ दिवसांत हिलालला कागद आला. संक्रांतीनंतर तपासणी. सपाट जागेवर गाडी स्वतः चालू करता आली पाहिजे, नाहीतर गाडी दुसऱ्याकडे जाईल आणि हिलालची जागा रद्द.

कमलबाई, हिलालची बायको, माझ्या दारात आली. कधी यायची नाही ती. ओट्यावर बसली नाही, उभ्यानंच बोलली.

"तोताराम भाऊ, त्यासना पाय काही जोर धरत नही. तुमी काही करा. गाडी गयी तर हाऊ मानूस घरमा बसीसन मरी जाई."

"वहिनी, मी आहे ना," असं मी म्हणून गेलो. ती गेल्यावर ओट्यावर मीच बसलो, बराच वेळ.

सांगून टाकावं हे मनात आलं नाही असं नाही. पण मला वाटलं, सांगून गुडघा थोडाच बरा होणार? हे माझं जुनंच निमित्त. त्यापेक्षा गाडी अशी करतो की पाय लागणारच नाही. किक हातानं दाबली की चालू झाली पाहिजे. नुसते रविवार नाही, तीन आठवडे रोज संध्याकाळी बसलो. इंजिन उघडलं, झडपा घासून बसवल्या. कार्बोरेटरचं एकएक छिद्र घोड्याच्या केसानं साफ केलं. टिकल्यांमधली फट कागद घालून मोजली. हलकं तेल भरलं. शेवटी शेवटी इंजिन गरम असलं की हिलाल गुडघा टेकून, दोन्ही हातांनी किक दाबायचा, आणि तिसऱ्या चौथ्या वेळेला ती उठायची. मग दुसऱ्या वेळेला उठायला लागली. हिलाल म्हणाला, "तोताराम, इतली चांगली तर ती नवी व्हती तवयबी नसीन." मला त्याच्याकडे बघवेना.

तपासणीच्या दिवशी साहेब जीपनं आले. दवाखान्याच्या आवारात निम्मं गाव जमलेलं. मी आधीच गाडी गरम करून ठेवली होती. साहेबांनी राखेच्या उताराकडे बोट करून म्हटलं, "तिकडे नाही. इथे, सपाटीवर."

हिलालनं गाडी आणली, स्टँडवर लावली. तोटी, चिमटी, दांडी मागं. मग खाली बसला, दोन्ही हात किकवर ठेवले आणि अंग टाकलं. फुस्स. पुन्हा वर, पुन्हा खाली, आणि गाडी धडधडून उठली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी तर कुणाच्या तरी पाठीत थाप घातली, कुणाच्या ते आठवत नाही.

साहेबांनी हात वर केला. "बंद करा." मग हिलालजवळ आले. "हातानं गाडी चालू होते हे मी पहिल्यांदा पाहिलं. गाडी फार चांगली ठेवली आहे. पण हिलाल, इंजिन गार असताना होईल? नदीत, कमरेभर पाण्यात, बसून किक दाबाल?"

हिलालनं किकवरचे हात काढून घेतले.

"माझा नाइलाज आहे," साहेब म्हणाले. त्यांनी फाईल उघडली. "तुमचाच जबाब आहे. पाय घसरला. यंत्रात दोष नव्हता. म्हणजे चालवणाऱ्याची चूक. यंत्रात दोष असता तर कामावर जायबंदी झालेला माणूस म्हणून मी तुम्हाला ठेवलं असतं, मदतीला एक माणूसही मागितला असता. या कागदावर मला काही करता येत नाही."

मी तो कागद बघायला मान वाकवली. हिलालनं आणखी एक ओळ लिहून दिली होती. गाडी आदल्या दिवशी तोताराम फिटर यांनी तपासून दिली होती व ती पूर्णपणे ठीक होती.

हे मला माहीतच नव्हतं. मी सहा महिने केळी सोलत होतो आणि त्यानं माझं नाव कागदावर लिहून वाचवून ठेवलं होतं.

"साहेब," मी म्हटलं, "तो कागद खोटा आहे. दांडी मी उलटी बसवली होती."

"ए, गप बैठ!" हिलाल ओरडला. "साहेब, हाऊ मना दोस्त शे. मना करता खोटं बोली ऱ्हायना."

"खोटं तू बोललास!"

"मना पाय, मले मालूम नही का, कसा घसरना तो?"

साहेब एकदा याच्याकडे, एकदा माझ्याकडे. "सहा महिन्यांनी आठवलं? आज? मित्राची नोकरी जाताना? माफ करा, पण असं कुणीही म्हणेल." त्यांनी फाईल मिटली.

त्यांचं काही चुकत नव्हतं. मीच इतका उशीर केला होता की खरं बोललो तरी ते खोट्यासारखं दिसत होतं. मला स्वतःचा असा संताप आला की सांगता सोय नाही. खिशात पाना होता. मी हँडलपाशी गेलो, नट ढिला केला, दांडी उलटी फिरवली, आवळली. सगळ्यांसमोर. जशी श्रावणात बसवली होती तशीच. मग ती मागं ओढली.

"हे असं बसवलं होतं, साहेब. आता मी किक मारतो. काय होतं ते तुम्ही बघा आणि कागदावर लिहा."

स्टँड काढला. गाडीवर टांग टाकली. हिलाल गाडीच्या डाव्या अंगाला उभा होता. इंजिन तापलेलं, तीन आठवडे मीच घासून पुसून तयार केलेलं. ते जोरात फिरणार होतं, उलटं. मला भीती वाटली, वाटली नाही असं म्हणणार नाही. पण पाय वर घेतला आणि मी माझ्याच नियमाविरुद्ध, रागानं, सगळं अंग टाकून किकवर उभा राहिलो.

पाय रिकामाच खाली गेला. काही अडलं नाही, काही उसळलं नाही. आवाज फक्त हवेचा, फस्स.

मी खाली बघितलं. हिलालनं झेप घेऊन डाव्या मुठीखालची चिमटी दाबली होती. दोन्ही हातांनी.

"गाढवा," तो म्हणाला. "गाढवा! पाय मोडतास ना तुना!"

साहेब जवळ आले. त्यांनी आधी दांडी बघितली, मग हिलालनं दाबून धरलेली चिमटी. मोटारसायकलवाला माणूस, त्याला समजवावं लागलं नाही.

"हिलाल," ते म्हणाले, "दांडी उलटी असली की काय होतं ते तुम्हाला बरोबर ठाऊक आहे. खरं सांगा, तुमचा पाय घसरला होता का?"

हिलालनं चिमटी सोडली. खाली बघून म्हणाला, "किक मारनी आनि लगेच कळनं व्हतं, साहेब. हातले तार उलटी लागनी. पन मारी बसनू व्हतू." मग दांडीकडे बोट केलं. "इस्पितळमाईन वापस उनू, तवय दांडी सुलटी व्हती. नटवर पान्याना वरखडा नवा व्हता. त्यानीच करी शे, मी समजी गयू."

"मग जबाबात का नाही सांगितलं?"

"सांगतू तर यानी परत गाडीले हातच लावता नही." तो माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला. "आनि मंग गाडी कोन सांभाळतं? आठे दुसरा कोनले येस?"

एवढंच कारण. मैत्री नाही, दया नाही. तसं तो म्हणाला तरी. मी तोंड फिरवून उभा राहिलो, कारण निम्मं गाव बघत होतं आणि मला रडू आवरत नव्हतं.

साहेबांनी जीपच्या बॉनेटवर कागद ठेवला आणि नवा जबाब लिहिला. खाली मी सही केली. हिलालची जागा राहिली. माझ्याकडून मात्र गाडी काढून घेण्यात आली. साहेब म्हणाले, चूक कागदावर आली आहे, आता दुरुस्ती जळगावच्या कारखान्यातच होईल. मी म्हटलं बरोबर आहे. उलट मला हलकं वाटलं, पण रविवारची सकाळ कशी घालवायची ते कळेना. त्या रविवारी निंबाखाली जाऊन उगीच बसलो.

दहाच्या सुमाराला हिलाल गाडी ढकलत आवारात आला. घामाघूम, लंगडत.

"जळगावला न्यायची ना?" मी म्हटलं.

"नेसू. महिनामा एकदा, कागदवर." त्यानं गाडी स्टँडवर लावली, शेंगांची पुडी काढली आणि बसला. "ठिनगीनी तार ढिली वाटी ऱ्हायनी. बघ जरा."

मी दांडी खोलली. तार ओढून बसवली. दांडी परत लावताना माझे हात थांबले. एकदा बघितली, दोनदा बघितली, तिसऱ्यांदा बोटानं मागं ओढून बघितली. मग बाजूला झालो आणि म्हटलं, "आता तू बघ. नीट बघून घे."

हिलालनं शेंगांची टरफलं झटकली. गाडीपाशी आला, खाली बसला, दोन्ही हात किकवर ठेवले. दांडीकडे त्यानं बघितलंसुद्धा नाही.